मामांना ऐकू येतं का

मी लग्न होऊन कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात आले तेव्हा माझ्या सासऱ्यांना व्यवस्थित ऐकू येत होतं. दोन वर्षांनी, हळदीच्या हंगामात, ते बहिरे झाले. एका दिवसात नाही. आठ-पंधरा दिवस लागले. आधी ते प्रत्येक गोष्टीला 'काय?' म्हणू लागले. मग 'काय?' म्हणणंही बंद केलं आणि नुसते कानामागं हात धरून बघू लागले. कुणी म्हणालं, हळद पॉलिश करायच्या ड्रमपाशी उभं राहून कान गेले. कुणी म्हणालं, वय झालं. वसमतला एक शिबिर होतं, तिथं रांगेतल्या सगळ्यांना सारखंच मशीन मिळालं, तसं त्यांनाही मिळालं. मी सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामांनी ते मशीन दोन दिवस लावलं आणि तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. "गरम होतं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षं मामा आमच्या घरातला एक शांत कोपरा होते. ओसरीत त्यांची बाज. जेवायला बोलवायचं तर समोर जाऊन घास घेतल्यासारखा हात करायचा. चहा विचारायचा तर अंगठा तोंडाकडं न्यायचा. ही खूण आत्यांना आवडायची नाही, कारण गावात तिचा अर्थ वेगळा होता. मामा बरीच वर्षं तंटामुक्तीचे अध्यक्ष होते, त्यामुळं आधी लोक भांडणं घेऊन दारात बसलेले असायचे. बहिऱ्या अध्यक्षाचा उपयोग काय, म्हणून ते येईनासे झाले. आले तरी आपसात बोलायला यायचे, कारण आमच्या ओसरीत सावली चांगली आहे. माझ्या माहेरचा फोन आला की मी मामांच्या बाजेच्या पायथ्याशी बसून बोलायचे. घरात रेंज तेवढ्याच जागी येत होती आणि तिथं ऐकणारं कुणी नव्हतं.

मी सांगते आहे त्या मार्चमध्ये आमच्याकडं हळद शिजवायचं काम चालू होतं. माझा नवरा चार दिवस कुकरवरच होता, कोपरापर्यंत पिवळा. मामांना सकाळी हुडहुडी भरून ताप आला. आम्ही दोन दिवस काढा दिला, गोळी दिली. तिसऱ्या दिवशी ते आत्यांना ओळखेनात. जीपमध्ये घालून वसमतच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. लघवीतून जंतू वर चढून रक्तात गेले होते. पुष्कळ दिवसांपासून जळजळ होत होती, पण त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला 'लघवीला जळजळ होते का' हे हातवारे करून विचारणार कसं?

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, पस्तिशीच्या. कुठलाही कागद त्या दोनदा वाचत. त्यांनी सलाईन लावलं, पहिलं इंजेक्शन सुरू केलं. पुढच्या दोन दिवसांत शुद्ध परत आली, पण ताप उतरेना. मग लघवीच्या तपासणीचा मोठा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला आणि मला न् आत्यांना जवळ बोलावलं.

"जंतू हट्टी आहे," त्या म्हणाल्या. "आपण देतोय त्या औषधाला दाद देत नाही. ज्यांना देतो, त्यातलं आपल्याकडं आहे ते अमिकासिन."

आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडायला सुरुवात केली.

"काहून रडून राहिल्या?" मी विचारलं.

"काशी म्हनल्या न त्या. आता काशीलाच न्यायचं राहिलं म्हना."

डॉक्टरबाईंनी औषधाचं नाव दोनदा सावकाश म्हणून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "औषध जुनं आहे, चांगलं आहे, काम करतं. पण आंधळेपणानं द्यायचं नाही. वजनावर डोस ठरतो. किडनी तपासावी लागते. आणि कान."

कानाकडं यायला अजून वेळ होता. आधी वजन.

दवाखान्यातल्या काट्यावर कुणीही उभं राहिलं की एकाहत्तर किलो दाखवायचा. मी उभी राहिले, एकाहत्तर. सिस्टर उभी राहिली, एकाहत्तर. मामांना तर उभंच राहता येत नव्हतं. "अंदाजानं लिहा ना," आत्या म्हणाल्या. "साठ लिहा. आमच्यात पैलवान व्हते ते." डॉक्टरबाई म्हणाल्या, अंदाजानं नाही. या औषधात कमी झालं तर जंतू मरत नाही आणि जास्त झालं तर माणसाला बाधतं.

रस्त्यापलीकडं भंगारवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्याकडं जमिनीलगतचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा होता. सिस्टरनं सलाईनची बाटली हातात उंच धरली, मी चाकाची खुर्ची ढकलली आणि आत्यांनी रस्त्यातली वाहनं थांबवली. भंगारवाला जुन्या कुलरच्या पत्र्याचं वजन करत होता. त्यानं पत्रे बाजूला केले आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "चाचा को कुर्सी के साथ लो. बाद में खाली कुर्सी लेंगे, माइनस करेंगे." मामांना खुर्चीसकट काट्यावर चढवलं. मग त्यांना पत्र्यांच्या ढिगावर गोणपाट टाकून बसवलं आणि रिकाम्या खुर्चीचं वजन केलं. बावन्न किलो. काट्यातून छापील पावती निघाली. तिच्यावर मालाच्या रकान्यात 'लोखंड' असं होतं, कारण मशीनमध्ये तेवढंच आणि 'पत्रा' होतं. डॉक्टरबाईंनी पावती दोनदा वाचली आणि फाइलला टाचून टाकली.

किडनीचा रिपोर्ट तासाभरात आला. बरा होता. "पाणी भरपूर पाजायचं," त्या म्हणाल्या. "किती पाजलं, किती बाहेर आलं, सगळं मोजून लिहायचं. आणि गुडघ्याची, अंगदुखीची गोळी एकही द्यायची नाही. ती गोळी आणि हे इंजेक्शन, दोन्हींचा भार किडनीवरच पडतो." आत्यांनी कमरेची पिशवी उलटी केली. सुपारी, अडकित्ता, देवाचा अंगारा आणि गुडघ्याच्या गोळ्यांची दीड पट्टी. गोळ्या सिस्टरच्या ताब्यात दिल्या.

"आता सांगा, यांना ऐकायला कसं येतं?"

"ठार बहिरे हायत," आत्या म्हणाल्या. "कानापाशी फटाका लावला तरी कळायचं न्हाई."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग अडचण आहे. या औषधाचा कधीकधी कानावर परिणाम होतो. गेलेलं ऐकणं परत येत नाही. चांगल्या कानाच्या माणसाला लवकर कळतं. कानात आवाज येतो, तो सांगतो, आम्ही थांबतो. यांना उरलंसुरलं गेलं तरी कळायचं नाही आणि मलाही."

तरी त्यांनी तपासून पाहिलं. मामांच्या उशामागं हातभर अंतरावर उभ्या राहिल्या, सिस्टरला त्यांचा एक कान बोटानं बंद करायला सांगितला आणि दुसऱ्या कानाच्या बाजूनं कुजबुजल्या, "कापूस." मामा पंख्याकडं बघत होते. "हळद." काही नाही. "तूर." काही नाही. बाजू बदलून पुन्हा तेच. मामांनी डोळे मिटून घेतले.

आम्ही तिघी दाराशी गेलो. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "यांना नांदेडला न्या. तिथं दुसरी औषधं आहेत, कानाचे डॉक्टर आहेत. दुपारच्या आत निघा, हा ताप असा ठेवून चालणार नाही. मी चिठ्ठीत लिहिते, आधीपासून पूर्ण बहिरे आहेत म्हणून."

त्या लिहायला लागल्या. मागून मामांचा आवाज आला.

"कापूस, हळद, तूर."

आम्ही वळून बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"दुसऱ्या बाजूनं तूर दोनदा म्हनलात," ते म्हणाले. "नांदेडला काहून पाठवता? आन् खोटं नका लिहू कागदावर. बराबर ऐकू येतंय."

डॉक्टरबाई पलंगापाशी जाऊन म्हणाल्या, "बाबा, कधीपासून ऐकू येतं?"

"जल्मापासून."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी फाडली, फाइलमध्ये 'ऐकणे: दोन्ही कानांनी चांगले' असं लिहिलं आणि खाली नातेवाईक म्हणून माझी सही घेतली. मी सही केली. नऊ वर्षं मी या माणसाला चहासाठी अंगठा दाखवत होते.

आत्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि बाहेर गेल्या. मी मागं गेले तर त्या उभ्या असलेल्या अँब्युलन्सच्या पायरीवर बसल्या होत्या.

"हातवारे करू करू माझे खांदे गेले," त्या म्हणाल्या. मग पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "म्या काय काय बोलले असंन."

मला माहीत होतं त्या काय म्हणताहेत. रोज दुपारी काही ना काही निवडायला घेऊन त्या मामांच्या बाजेशेजारी बसायच्या आणि बोलायच्या. मोठ्यानं, सलग, भिंतीशी बोलावं तसं. भावांनी संबंध तोडला त्याबद्दल. आठ दिवसांचं होऊन गेलेल्या पहिल्या लेकराबद्दल. या माणसानं चाळीस वर्षांत एकदाही भाजी चांगली झाली असं म्हटलं नाही, त्याबद्दल. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला वाटायचं, चला, बाईचं मन मोकळं होतं. समोरचा माणूस मान खाली घालून नखं काढत असायचा.

आणि मग माझे फोन. अँब्युलन्सपाशी उभी राहून मी आठवायला लागले आणि लगेच थांबले.

दुपारी अमिकासिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. सलाईनमध्ये मिसळून, अर्धा तास लावून, सावकाश. रोज एकदाच द्यायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकराला ठरलं. सिस्टर दर वेळी औषध लावायच्या आधी तीन प्रश्न विचारायची: कानात आवाज येतो का, चक्कर येते का, लघवी कमी झाली का. मामा तिन्ही प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर द्यायचे. गेल्या नऊ वर्षांत ते इतकं बोलले नव्हते.

आत्या त्यांच्याशी बोलत नव्हत्या. काम सगळं करत होत्या. पाण्याचा ग्लास मापानं भरायच्या, लघवीचं भांडं माझ्यासमोर उजेडात धरायच्या आणि मी आकडा वाचून वहीत लिहायचे. मामांना काही सांगायचं असलं तर त्या मला सांगायच्या. "त्यायला म्हनाव पानी प्या." मामा तीन फुटांवर होते. ते माझ्याकडं बघायचे, मी सांगायचे, मग ते प्यायचे.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मामा उठून बसले. आत्या नळावर गेल्या होत्या. मी वहीत आकडा लिहीत होते.

"घरातलं चौथं कपाट म्हनतीस मला," मामा म्हणाले.

मी आकडा पुन्हा गिरवला.

"म्हन. राग न्हाई. पहिले तीन कोनते, तेवढं कळलं न्हाई."

"आत्यांचं लोखंडी, आमचं लाकडी आणि देवघरातलं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"आन् ती परीक्षा. शिक्षकाची. दोन डाव नापास झालीस, घरी सांगितलं निकालच लागला न्हाई."

मी दाराकडं बघितलं. आत्या अजून नळावर होत्या.

"तिसऱ्या डावाला घरच्यायला तुला हळद काढायला न्यायचं व्हतं," मामा म्हणाले. "म्हनून म्या छातीत दुखतंय म्हनलो. महिनाभर बाजेवर पडून राहिलो. कोनीतरी घरी पाह्यजे म्हनून तुला ठेवलं. तुला अभ्यासाला टाइम भेटला का न्हाई?"

भेटला होता. महिनाभर मी त्यांच्या बाजेपाशी बसून वाचलं होतं आणि मनात म्हणत होते की म्हाताऱ्याचं दुखणं बरं वेळेवर आलं. तिसऱ्यांदाही मी नापास झाले.

"ते बी ऐकलं," ते म्हणाले. "फोनवर लई रडलीस."

संध्याकाळी माझा नवरा हळद सोडून आला. तो पलंगासमोर उभा राहिला आणि सवयीनं दोन्ही हात हलवून ओरडला, "काहून? काहून केलं असं?"

"वरडू नको. दवाखाना हाय," मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी एका दिवशी सकाळपासून सात भांडणं आली होती. सातव्यात एकानं दुसऱ्याची कोंबडी मारली होती आणि दोघंही मामांना साक्षीदार व्हा म्हणत होते. मामा इतके थकले होते की त्यांना पहिलं वाक्यच समजलं नाही, आणि ते खरोखर म्हणाले, "काय?" त्या माणसानं पुन्हा सांगितलं. मामा पुन्हा म्हणाले, "काय?" तिसऱ्या वेळी तो माणूस म्हणाला, "जाऊ द्या, ह्यायला ऐकू येत न्हाई," आणि दोघंही उठून गेले. कोंबडीसकट.

"इतकं शांत झालं," मामा म्हणाले. "म्हनलं, दोन दिवस असंच राहू. मंग तू शिबिरात नेऊन मशीन लावलंस. आता तुला कसं सांगायचं?"

माझा नवरा खुर्चीवर बसला. त्याच्या हाताचा पिवळा रंग पांढऱ्या चादरीला लागला, त्यावरून सिस्टर बोलली. मग तो परत हळदीकडं गेला.

ही बातमी गावात पोचली आणि चौथ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आधी तीन दिवस कुणी फिरकलं नव्हतं. आता एकेकटी यायची, नारळ घेऊन, द्राक्षं घेऊन. तापाची चौकशी करायची. मग खुर्ची जवळ ओढायची. "मामा, आमी त्या दिवशी तुमच्या ओसरीत बसलो व्हतो बगा." मामा विचारायचे, "कोनत्या दिवशी?" तो माणूस त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहायचा. एक जण तर म्हणाला, "म्हंजे तुमाला काही आठवत न्हाई असं समजू का आमी?" मामा म्हणाले, "काय आठवायचं ते सांग, मंग सांगतो आठवतं का." तो न सांगताच गेला, द्राक्षं ठेवून.

सगळ्यात जास्त घाबरलेला होता तो आमच्या शेजारच्या शिवारातला एक शेतकरी. तो दरवर्षी नांगरताना भावाच्या बाजूनं बांध वीतभर कोरायचा आणि त्याची कला आमच्या ओसरीत बसून मित्रांना समजावून सांगायचा. पाचव्या दिवशी तो आला आणि म्हणाला, यंदा बांध पुन्हा सरळ करतो, तुमी फक्त माझ्या भावाला काही बोलू नका. मामा म्हणाले, गुडघा लई दुखून राहिला. तो म्हणाला, एवढंच ना. ही दुसरी गोष्ट मला नंतर कळली. त्या वेळी मी बाहेर चहा आणायला गेले होते.

सहाव्या दिवशी अकरा वाजता सिस्टर औषध भरून आली. तिनं प्रश्न विचारला, "कानात आवाज?"

"येऊन राहिला," मामा म्हणाले. "सकाळपासून. उजव्या कानात. किर्र करतंय."

सिस्टर थांबली. आत्या कोपऱ्यात कपडे घडी करत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आता हे नवं काढलं. घरी जायचं असंल. हळद बगायची असंल." मग सिस्टरला म्हणाल्या, "द्या तुमी. ह्यांच्या कानाचं काय खरं धरू नका."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. औषध भरलेलं होतं. मामा माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर अगदी तोच भाव होता जो नऊ वर्षं होता, काहीच न समजल्याचा. मला खरंच कळेना. या माणसानं महिनाभर छाती दुखण्याचं सोंग केलं होतं आणि मला शंकाही आली नव्हती. मी वही उघडली. कालच्या दिवसात पाणी तेवढंच प्यायले होते, पण लघवीचा आकडा परवाच्या निम्म्यावर आला होता. तो मीच लिहिला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. आकडे लिहिताना मी परीक्षेचा विचार करत होते.

"सिस्टर, लावू नका," मी म्हणाले. "आधी डॉक्टरबाईंना बोलवा."

डॉक्टरबाई आल्या. वही दोनदा वाचली. मामांच्या मागं उभ्या राहून कुजबुजल्या. डाव्या बाजूनं मामांनी सगळे शब्द सांगितले. उजव्या बाजूनं तीनपैकी एकच.

"खरं का खोटं, कसं ओळखायचं?" आत्यांनी विचारलं.

"मला ओळखता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ते आवाज येतो म्हणतात, तर मी येतो असंच धरणार. खोटं निघालं तर एक डोस चुकला. खरं असून दिलं तर कान गेला." त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं. मग मामांकडं वळल्या. "बाबा, कुठली गोळी घेतली का?"

मामांनी उशीखाली हात घातला आणि गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी काढली. तीन खाने रिकामे होते. बांधवाल्यानं आणून दिली होती.

त्या वेळी आत्या सहा दिवसांत पहिल्यांदा थेट मामांशी बोलल्या.

"डॉक्टरीण काय म्हनली व्हती, ते ऐकू आलं न्हाई का?"

"ऐकलं व्हतं," मामा म्हणाले. "पन गुडघा दुखत व्हता."

दुपारी रिपोर्ट आला. किडनीचा आकडा वर गेला होता, म्हणजे औषध अंगात साचत होतं. मामा खरं बोलत होते. अमिकासिन बंद झालं. डॉक्टरबाईंनी नांदेडच्या एका मोठ्या डॉक्टरांना फोन करून पुढचं औषध ठरवलं, माझ्या नवऱ्यानं ते थंड डब्यात घालून एसटीनं आणलं. सलाईन वाढवलं. पुढचे दोन दिवस मी प्रत्येक आकडा लिहिला की आदल्या दिवसाच्या आकड्याशी लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी लघवी पहिल्यासारखी झाली. अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. आठवड्यानं पुन्हा रक्त तपासलं, किडनी जागेवर आली होती. कानातली किरकिर कमी झाली, पण गेली नाही.

मग मामांना नांदेडला कान तपासायला नेलं. एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटन दाबायचं असतं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "लई येळ नुसताच बसून व्हतो. तिथं काय वाजत व्हतं का?" रिपोर्टमध्ये निघालं की उजव्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, डाव्याला थोडे कमी येतात. काही वयानं असेल, काही औषधानं. किती कशानं ते सांगता येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डोस वेळेवर थांबला म्हणून एवढ्यावर राहिलं, असंही म्हणाले.

गावात कुणाचा विश्वास बसला नाही. आम्ही रिपोर्ट दाखवला तर लोक म्हणाले, आता कागदबी करून आणला. बांधवाल्यानं मात्र कान खरंच अधू झालाय याची चार जणांना विचारून खात्री करून घेतली, आणि पुढच्या नांगरटीला बांध पुन्हा वीतभर सरकला.

घरी आल्यावर आत्या दुपारी मामांपाशी बसेनाशा झाल्या. तूर निवडायला माझ्याकडं स्वयंपाकघरात यायच्या आणि गप्प बसायच्या. तीन आठवडे असं चाललं. एक दिवस मामा मला म्हणाले, "तिला म्हनाव, बोल. मला दुपार जात न्हाई."

मी सांगितलं. आत्यांनी सूप खाली ठेवलं. "काय बोलू? समदं तर ऐकून झालं त्यांचं."

दुसऱ्या दिवशी त्या सूप घेऊन ओसरीत गेल्या. नेहमी त्या बाजेच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून बसायच्या. त्या दिवशी त्या फिरून उजव्या बाजूला, उन्हात जाऊन बसल्या. थोडा वेळ नुसत्या निवडत राहिल्या. मग बोलायला लागल्या, अगदी हळू आवाजात. स्वयंपाकघरात मलाही शब्द कळत नव्हते. मामा कानामागं हात धरून बसले होते. डावा कान त्यांनी तिकडं वळवला नाही. मी बघत होते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी एक जाड कार्ड दिलं होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की अमिकासिन या औषधानं यांच्या कानाला आणि किडनीला त्रास झालेला आहे, कुठल्याही डॉक्टरनं आधी हे वाचावं, आणि वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. त्याच्या मी चार प्रती काढल्या. एक माझ्या पर्समध्ये असते, एक नवऱ्याच्या गाडीत, एक आत्यांच्या कमरेच्या पिशवीत, एक मामांच्या सदऱ्याच्या खिशात. मोबाइलमध्ये फोटोही आहे.

गेल्या वर्षी आम्ही औंढ्याला नातेवाइकांकडं लग्नाला गेलो होतो आणि मामांना पुन्हा ताप भरला. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, इंजेक्शन लिहायला घेतलं. मी पर्स उघडत होते, तोवर मामांनीच खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं, लिहिलेलं खोडलं आणि दुसरं औषध लिहिलं. मग विचारलं, "बाबा, आता ऐकायला कसं येतं?"

"डाव्यानं बरं," मामा म्हणाले. "उजव्यानं मोठं बोललं तर. किरकिर चालूच राहते, पन सवय झाली."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. ताप तीन दिवसांत उतरला आणि लग्नाचं जेवण आम्हाला डब्यात मिळालं.